तोंडी सांगितलं होतं

रायपूरजवळ सिलतऱ्याच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तिथे कागदात एखादी चूक निघाली की लोक म्हणतात, "मेश्राम हो गया." नव्याने आलेल्यांना हा कुठलातरी छत्तीसगढी शब्द वाटतो. त्यांच्यापैकी कोणी देवाजी मेश्रामांना पाहिलेलं नाही. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसलो. त्या नऊ वर्षांत त्यांच्या हातून एका माणसाचं नाव चुकलेलं मला आठवत नाही. तरी शब्द त्यांच्या नावावरून पडला, आणि तो पडला माझ्यामुळे. हे सगळं पहिल्यापासून मी आजवर लिहून ठेवलेलं नाही. आता ठेवतो आहे.

मेश्राम ठेंगणे होते. मे महिन्यातही शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं असायचं. हिंदी टायपिंग ते जुन्या यंत्रावर शिकले होते, त्यामुळे संगणकाच्या की-बोर्डवरही ते बोटं अशी मारायचे की शेजारी बसणाऱ्याच्या चहाच्या कपाला कंप सुटावा. त्यांच्या की-बोर्डवरची अक्षरं केव्हाच झिजून गेली होती. नुसत्या काळ्या, गुळगुळीत कळा. दुसरा कोणी त्यावर हात ठेवायला धजत नसे. एकदा स्टोअरवाल्यांनी नवा की-बोर्ड आणून दिला, तर ते म्हणाले, "हा कोनाले देऊन द्या. मले अक्षरं पाह्यची सवय नाई, दिसले की हात अडखळते."

त्यांचं काम म्हणजे कामगारांची माहिती टाइप करणं. नाव, बापाचं नाव, गाव, विभाग, टोकन नंबर. कारखान्यात कायम आणि ठेक्याचे मिळून माणसं भरपूर, आणि आपल्याकडे एकाच नावाची चार माणसं सहज निघतात. मेश्रामांना सगळी पाठ होती. एकदा गेटवर एक माणूस आला, सहा-सात वर्षांपूर्वी काम सोडून गेलेला. त्याला अनुभवाचा दाखला हवा होता, आणि त्या वर्षांचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. गेटवाला त्याला हाकलतच होता. मेश्राम खिडकीतून ओरडले, "अरे फिरतू! मनराखन के बेटा. टोकन बाइस सौ चार. तोर भाई के गोड़ बने होगे?"

तो माणूस मटकन खालीच बसला. त्याच्या भावाचा पाय मोडल्याचं त्या सगळ्या ऑफिसात दुसऱ्या कोणाला माहीतसुद्धा नव्हतं.

मी विचारलं होतं, एवढं लक्षात कसं ठेवता? ते म्हणाले, "ठेवत नाई जी. माणूस सांगते तवा मी आयकतो, बस. तुमी लोक आयकता आयकता पुढचं पाहून राह्यता."

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण त्यांची आठवण काढताना मला तो आधी आठवतो. कॅन्टीनमध्ये भांडी घासायला एक बाई नवीन लागली होती. तिची माहिती भरायला ती टेबलापुढे उभी. बापाचं नाव विचारल्यावर ती पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "ददा ला मैं नइ देखे हंव, बाबू. दाई के नाव लिख दे." त्या खोलीत मेश्राम सोडून आम्ही पाच जण होतो, आणि पाचही माना वर झाल्या. मेश्रामांची झाली नाही. ते म्हणाले, "हव, बता." आणि आईचं नाव टाइप करून पुढचा प्रश्न विचारला. बाई गेल्यावर कोणीतरी काहीतरी बोललं. मेश्राम म्हणाले, "रकाना भरला का नाई? मंग."

माझं काम वेगळं होतं. मेश्राम तक्त्यात जे टाइप करत, त्याची मी साधी मजकुराची फाइल करून घ्यायचो. एका माणसाची एक ओळ. त्या ओळीत टोकन कुठे संपलं आणि नाव कुठे सुरू झालं हे संगणकाला कळावं म्हणून मध्ये एक खूण घालावी लागते. मग त्या खुणेवर ओळ तोडायची, पाहिजे तो तुकडा उचलायचा आणि यादी काढायची. या छोट्या आज्ञांना शेल स्क्रिप्ट म्हणतात, आणि त्या लिहिता येतात याचा मला त्या वेळी बराच गर्व होता. या सगळ्या कामाला अट एकच. जी खूण घालायची ती मजकुरात दुसरीकडे कुठेही असता कामा नये. असली, तर ओळ भलत्या जागी तुटते आणि एकाचं दुसऱ्याच्या रकान्यात जातं.

ही अट मला मेश्रामांनी शिकवली. मी नवीन होतो. कॅन्टीनचे पास काढायचे होते. मी स्वल्पविराम घालून फाइल तोडली आणि पास छापले. दुसऱ्या दिवशी मेश्राम एक पास घेऊन माझ्यापुढे उभे.

"देशपांडे सर, या माणसाचा विभाग 'बीच पारा' लिहून आहे. आपल्या कारखान्यात बीच पारा कधी उघडला?"

गाव सांगताना लोक गाव सांगतात, मग पारा, म्हणजे वस्ती. मध्ये स्वल्पविराम येतोच. माझ्या पासांवर अर्ध्या लोकांचे पारे विभाग झाले होते. खोलीत हशा पिकला. मी चिडून म्हणालो, "ठीक आहे, स्वल्पविराम नको. नुसती मोकळी जागा सोडतो."

"नाव तीन शब्दाचं आहे ना त्याचं. एक शब्द बापाच्या घरात जाईन."

"मग आडवी रेघ."

"एस-दोन, एस-तीन. आपल्या विभागाच्याच नावात आहे."

"दोन टिंबं?"

"पाळी सहा वाजता लागते. सहा, मंग दोन टिंबं, मंग शून्य शून्य. अजून काय आहे तुमच्या पेटीत?"

"तिरपी रेघ!"

"अन् तारखा काय हवेत लिहू?"

मी हात टेकले. म्हटलं, "मग तुम्हीच सांगा कुठली घेऊ."

"मी काहून सांगू? मले काय मालूम? फाइलीले इचारा ना." त्यांनी खुर्ची ओढून माझ्याजवळ घेतली. "चाळणी घेन्याच्या आधी धान पाहून घ्या जी. बारीक आहे का मोठं आहे."

त्या दुपारी त्यांनी मला एकेक खूण अख्ख्या फाइलीत शोधायला लावली. किती वेळा सापडली तो आकडा मी मोठ्याने वाचायचा आणि ते मान हलवायचे. लाटेसारखी वळलेली एक खूण असते, तिचा आकडा शून्य आला. "हे घ्या," ते म्हणाले. "पन आज शून्य आहे, उद्या मीच टाइप केली तं?" मग त्यांनी कागदाची चिठ्ठी फाडली, तिच्यावर लिहिलं, 'यह चिह्न नहीं लिखना है', खाली ती खूण काढली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "सही करा. तारीख टाका." ती चिठ्ठी त्यांनी आपल्या संगणकाच्या कडेला चिकटवली. तेव्हापासून तो रिवाजच झाला. नवी फाइल, नवी खूण, आधी शोध, मग माझ्या सहीची चिठ्ठी. पुढे त्यांच्या पडद्याच्या तिन्ही बाजूंनी चिठ्ठ्यांची झालर लागली. पंखा सुरू झाला की त्या फडफडायच्या.

आता ती गोष्ट.

कारखान्यात कामगारांची आरोग्य तपासणी झाली. बाहेरून डॉक्टर आले होते. त्यांनी प्रत्येकाची चिठ्ठी लिहिली आणि मेश्रामांनी त्या सगळ्या टाइप केल्या. टोकन, नाव, बापाचं नाव, विभाग, डॉक्टरांचा शेरा आणि शेवटी निर्णय. निर्णय दोनच होते, 'ठीक' किंवा 'पुनः जाँच'. माझं काम होतं पुन्हा तपासणीला बोलवायच्या लोकांची यादी काढणं. यादी तातडीने हवी होती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे साहेबांनी परवापर्यंत द्या म्हटलं होतं.

मी उभी रेघ घेतली. की-बोर्डवर एक उभी रेघ असते. मी जे काही वाचलं होतं त्यात सगळीकडे लिहिलेलं, ही खूण सुरक्षित, साध्या लिखाणात कोणी वापरत नाही. जिथे लिहिलेलं होतं तिथे कोणी वापरत नसतील. मी रायपूरचा. हिंदी शाळेत पहिलीपासून प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी स्वतः उभी रेघ मारत आलो. आपल्या शहरातला प्रत्येक टायपिस्ट हिंदीचा पूर्णविराम म्हणून संगणकावरची हीच रेघ मारतो, कारण खऱ्या पूर्णविरामाची कळ अडचणीच्या जागी आहे आणि दिसायला दोन्ही सारख्याच. हे मी दुकानांच्या पाट्यांवर, लग्नाच्या पत्रिकांवर, आमच्याच ऑफिसच्या नोटिसांवर रोज पाहत होतो. पण वाचण्याची रेघ आणि फाइल तोडण्याची रेघ माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खणांत होत्या.

शोधून पाहायला अर्धा मिनिट लागला असता. मी पाहिलं नाही. इतक्या वर्षांत एकही फाइल चुकली नव्हती आणि मला मेश्रामांच्या त्या चिठ्ठीचा कंटाळा आला होता. एवढ्या शिकलेल्या माणसाने दर वेळी टायपिस्टसमोर सही करायची, हे मला खुपायला लागलं होतं. मी त्यांना न सांगता फाइल केली, यादी काढली, पाठवून दिली. यादीत बरीच नावं आली. म्हणून कोणाला शंका आली नाही.

अकरा नावं गळली होती. ती कुठली गळली हे ऐका. निरोगी माणसाबद्दल डॉक्टर एकच शब्द लिहितात, 'सामान्य'. थोडंफार काही असेल तर एक वाक्य, आणि रकान्याच्या शेवटी मेश्राम पूर्णविराम देत नसत. ज्याच्याबद्दल काळजी वाटते त्याच्या वाट्याला दोन वाक्यं येतात, आणि दोन वाक्यांच्या मध्ये पूर्णविराम येतो. त्या रेघेवर माझी ओळ तुटली. शेऱ्याचा दुसरा तुकडा निर्णयाच्या रकान्यात जाऊन बसला आणि खरा निर्णय त्याच्या पुढे ढकलला गेला, जिथे माझी स्क्रिप्ट पाहतच नव्हती. जे सगळ्यांत आजारी होते, तेवढेच नेमके माझ्या यादीतून निसटले.

अकरापैकी दहा जणांचं निभावलं. कोणाचं रक्तदाबाचं होतं, कोणाचं कानाचं. अकरावा बिसाहू. भट्टीवर काम करायचा. त्याच्या छातीच्या फोटोत डाग दिसला होता. डॉक्टरांनी लिहिलं होतं की डाग आहे, ताबडतोब पुन्हा दाखवा. त्याला कोणी बोलावलंच नाही, म्हणून तो समजला की आपण ठीक आहोत. सात महिन्यांनी भट्टीच्या जिन्यावर त्याला खोकल्याची उबळ आली आणि रक्त पडलं. क्षयरोग होता. औषधांनी जीव वाचला, पण एक फुफ्फुस जवळजवळ गेलं. आता तो जिना चढू शकत नाही.

चौकशी झाली. डॉक्टरांची चिठ्ठी काढली, तिच्यात होतं. मेश्रामांचा तक्ता काढला, त्यातही होतं. माझी यादी काढली, तिच्यात नव्हतं. साहेबांनी बोलवायच्या आधीच मी फाइल उघडून ती रेघ शोधली होती. या वेळी अर्धा मिनिट दिला. आकडा आला आणि मी फाइल बंद केली.

साहेबांच्या खोलीत मेश्राम उभे होते, मी बसलो होतो. एवढ्यावरूनच पुढचं समजून घ्यावं. साहेबांनी छापलेली ओळ पुढे धरली.

"मेश्राम, यह लकीर तुमने डाली?"

"जी साहब. पूर्णविराम है."

"देशपांडे जी, इस फाइल में यह नहीं डालना है, आपने इन्हें बताया नहीं था?"

मला कोणी धमकावलं नव्हतं. नोकरी जाईल असंही कोणी म्हटलं नव्हतं. कारणं शोधायला गेलो तर सापडतात, पण त्या क्षणी एकही कारण माझ्या मनात नव्हतं. फक्त मी तो नाही, एवढंच ठरवायचं होतं. मी म्हणालो, "बताया था, सर. चिठ्ठी राहून गेली. तोंडी सांगितलं होतं." अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. मराठीतलं वाक्य साहेबांना कळायचं कारण नव्हतं. ते मी मेश्रामांना ऐकवलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. कोणी आपल्याला एखाद्या माणसाचं नाव विचारावं आणि ते आठवू नये, तसा चेहरा झाला होता. ते शोधत होते, स्वतःच्या डोक्यात, अगदी मनापासून. आणि माझ्यासारखा माणूस सरळ खोटं बोलेल हे त्यांना सुचलंच नाही. शेवटी म्हणाले, "सांगतलं असन. माया ध्यानातून गेलं असन, साहब."

साहेबांनी माझं का ऐकलं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. माझं आडनाव देशपांडे, त्यांचं मेश्राम. कोण चुकणार आणि कोण सांगणार, हे त्या खोलीत आधीच ठरलेलं होतं. मी ते ठरवलं नव्हतं, पण त्याच्या सावलीत जाऊन आरामात बसलो. आमच्या घरी जातपात मानत नाहीत असं मी मुलांना सांगत आलो आहे.

मेश्रामांना टायपिंगवरून काढून गेटवर बसवलं. येणाऱ्या गाड्यांचे नंबर रजिस्टरमध्ये लिहायचं काम. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. अक्षरं नसलेला तो की-बोर्ड कोणाच्या कामाचा नव्हता, तो भंगारात गेला. त्यांच्या पडद्यावरच्या चिठ्ठ्या मी स्वतः काढल्या. प्रत्येकीवर माझी सही होती. आणि महिन्याभरात कॅन्टीनमध्ये कोणाच्या तरी चहात साखर जास्त पडली, तेव्हा मी पहिल्यांदा तो शब्द ऐकला, "लो, मेश्राम हो गया!" सगळे हसले. मीही हसलो. नुसता हसल्याचा आव आणला असं म्हणायला मला आवडेल, पण मी हसलो होतो.

गेटवर ते बदलत गेले. आधी खिशात एक छोटी डायरी आली. मग गाडीचा नंबर लिहून झाला तरी चार पावलं पुढे जाऊन पाटी पुन्हा वाचून यायला लागले. ट्रकवाले ओरडायचे, "बाबू, एक ही गाड़ी है, कितनी बार देखोगे?" संध्याकाळी घरी निघाले की अर्ध्या वाटेतून परत यायचे, रजिस्टर कुलुपात ठेवलं का पाहायला. एकदा मला थांबवून म्हणाले, "सर, काल मी तुमाले नमस्कार केला होता ना?" मी म्हटलं, केला होता. ते म्हणाले, "बरं झालं," आणि डायरीत काहीतरी लिहिलं.

बिसाहूला कारखान्याने सायकल स्टँडवर बसवलं. मी रोज माझी स्कूटर त्याच्यासमोर लावतो. एके दिवशी न राहवून विचारलं, तब्येत कशी आहे, दवाखान्यात कोण नेतं. तो म्हणाला, "मेश्राम बाबू आथे न. महीना के महीना, मोला वोही लेगथे." आणि हसून पुढे म्हणाला, "कहिथे, मोर गलती आय." माझी चूक आहे, असं मेश्राम त्याला सांगत होते. मी स्कूटरची किल्ली काढायची विसरून आत निघालो, तर बिसाहू धापा टाकत दहा पावलं मागे आला आणि किल्ली देऊन गेला.

ते निवृत्त झाले. निरोपाला मी गेलो नाही, सुट्टी घेतली.

मागच्या वर्षी गोल बाजारात भांड्यांच्या गल्लीत ते दिसले. सोबत त्यांची मुलगी सुजाता, शाळेत शिकवते. कुकरची रबरी रिंग घ्यायची होती. मेश्राम हातातला कागद वाचून दुकानदाराला माप सांगत होते, त्याने रिंग दाखवली की पुन्हा कागद वाचत होते. मला पाहून केवढे खूश झाले. पण माझ्या बायकोचं नाव, जे त्यांना पक्कं माहीत होतं, ते विचारताना त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं. ते पैसे द्यायला वळले तेव्हा सुजाता हळूच म्हणाली, "अंकल, डॉक्टर को भी दिखाया. सब ठीक है, कुछ नहीं निकला. पर पापा मानते नहीं. कहते हैं, एक बार इतनी बड़ी बात भूल गया था कि एक आदमी की छाती खराब हो गई."

तिथून मी चौबे कॉलनीतल्या माझ्या घरी चालत गेलो. स्कूटर बाजारातच राहिली होती, ती मुलगा घेऊन आला. त्यानंतर अकरा दिवस लागले मला. बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी त्यांच्या पाऱ्यात गेलो.

"या या सर! सुजाता, पानी आन बरं. देशपांडे सर आले."

"जी पापा."

भिंतीवर बुद्धाचं चित्र, खाली स्वच्छ पुसलेलं टेबल, त्यावर डायऱ्यांचा गठ्ठा. मी बसलो आणि बसल्या बसल्या बोलून टाकलं, कारण पाणी प्यायलो असतो तर बोललो नसतो. "मेश्रामजी, त्या तपासणीच्या फाइलीची खूण मी तुम्हाला सांगितली नव्हती. तोंडीसुद्धा नाही. साहेबांपुढे मी खोटं बोललो. तुम्ही काहीच विसरला नव्हता."

ते हसले. "काय बोलून राहिले, सर?"

मी पुन्हा सांगितलं. सुजाता ग्लास घेऊन दारात थांबली होती. तिला नीट कळावं म्हणून तिसऱ्यांदा हिंदीत सांगितलं. ती म्हणाली, "यह आपने ऑफिस में बताया?"

"अजून नाही."

"तो पहले यहाँ क्यों आए?"

मी मेश्रामांकडे पाहिलं. पण मेश्रामांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते मान हलवत होते.

"नाई जी. तुमी सांगतलं होतं. मले चांगलं आठवते." आणि ते सांगायला लागले, तसेच, जसे पूर्वी एखाद्या कामगाराची सगळी कुंडली सांगायचे. "दुपारची वेळ होती. लाइट गेली होती. तुमी दरवाज्यात उभे, निळा शर्ट होता, हातात हेल्मेट. म्हनले, मेश्रामजी, या खेपेले उभी रेघ नका मारू. मी हव म्हनलं. अन् मंग इसरलो."

असं काहीही झालं नव्हतं. पण ते सांगत असताना मला क्षणभर तो निळा शर्ट दिसला. इतकी वर्षं त्यांनी डोक्यात तो प्रसंग शोधला असणार, रोज, आणि शोधून शोधून शेवटी त्यांना तो सापडला.

"मेश्रामजी, असं झालंच नाही."

"झालं नाई?" त्यांचा आवाज चढला. मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता. "म्हंजे मले जे आठवते ते बी खोटं? एवढी एक गोष्ट मले साफ दिसते, अन् तुमी म्हनता ते बी नाई? मंग माया डोक्यात राहिलं तरी काय?"

त्यांनी डायऱ्यांचा गठ्ठा जवळ ओढला. मी त्या डायऱ्यांकडे पाहत राहिलो. खरं सांगायला आलो होतो, आणि ते खरं ऐकून त्यांच्याजवळचं उरलंसुरलं जाणार होतं. सुजाताने ग्लास टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "अंकल, अब रहने दीजिए." मी ग्लास उचलून पाणी प्यायलो. माफीसुद्धा मागितली नाही. ती मागायची तर आधी त्यांनी मानायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सगळं लिहून दिलं. साहेब आता नवे आहेत. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "पर वो तो रिटायर हो गए न?" माझा कागद कुठल्यातरी फाइलीत असेल. बिसाहूलाही सांगितलं, सायकल स्टँडवर उभं राहून. तो ऐकून दुसऱ्याची सायकल लावायला उठला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. तेवढं एकच मला जसं मिळायला हवं होतं तसं मिळालं.

पण त्या रविवारी मी निघालो तेव्हाचं सांगायचं राहिलं. मेश्राम शांत झाले होते. चहा झाला. ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. शेजारचे एक गृहस्थ दारात खाट टाकून ऊन घेत बसले होते. मी स्कूटर वळवत होतो, आणि मेश्राम फाटकाला हात टेकून त्यांना सांगत होते, "हमारे ऑफिस के देशपांडे साहब हैं. गलती मेरी थी, और देखो, इतने दिन बाद अपने ऊपर लेने आए. ऐसा आदमी नहीं मिलेगा."

गृहस्थांनी खाटेवरून उठून मला हात जोडले. मेश्राम ताठ उभे होते, गळ्याचं बटण लावून, चेहऱ्यावर अभिमान. त्यांनी मला हात हलवून निरोप दिला. मीही हात हलवला.